पुठ्ठ्यात अडकलेलं पान कसं वाचावं

मोडी शिकत होते तेव्हा जुनी दप्तरं रद्दीत गेल्याच्या, कुळकर्ण्याच्या कागदात वाण्यानं हळद बांधून दिल्याच्या गोष्टी वर्गात हमखास निघायच्या. पुढे जर्मनीत राहायला आले, एका लहानशा जुन्या ग्रंथालयात आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी काम धरलं आणि पहिल्याच महिन्यात तीच गोष्ट डोळ्यांनी बघितली. पुस्तक छापील, सोळाव्या शतकातलं, उचलताना दोन हात लागावेत एवढं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मात्र हातानं लिहिलेलं चर्मपत्र चिकटवलेलं. अक्षरं आडवी पडलेली, मधेच एक ठसठशीत लाल अक्षर, आणि त्या सगळ्यावर बाइंडरनं बिनदिक्कत फासलेली खळ.

तेव्हापासून असे शंभरेक तुकडे नजरेखालून गेले. पहिल्या दहांत मी जेवढ्या चुका करायच्या तेवढ्या केल्या. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितेय. लॅटिन येत नाही म्हणून मागे सरू नका. माझी पुंजी संध्याकाळच्या वर्गातल्या दीड वर्षाच्या लॅटिनची. मोडीनं लावलेली सवय त्याहून जास्त कामाला आली.

ही पानं पुठ्ठ्यात गेली कशी, तेवढं आधी. चर्मपत्र म्हणजे वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, खरवडून केलेलं पान. चिवट इतकं की कुठलाही बाइंडर ते टाकून देणार नाही. माइन्झला १४५५च्या सुमारास गुटेनबर्गचं बायबल छापून झालं आणि पुढच्या काही दशकांत कायद्याची, व्याकरणाची, धर्मशास्त्राची पुस्तकं छापील मिळू लागली. मग हातानं लिहिलेली जुनी, फाटकी प्रत कोण सांभाळणार? त्यावर युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची, पोपची सत्ता झुगारणारी लाट आली. इंग्लंडात १५३६ ते १५४१ या काळात मठ बंद झाले, त्यांची ग्रंथालयं मोडली. जॉन बेल स्वतः सुधारणेच्या बाजूचा, पण १५४९ साली त्यानंही हळहळून लिहून ठेवलंय, की मठातल्या ग्रंथांच्या पानांनी लोकांनी बूट पुसले, पानं वाण्याला आणि साबणवाल्याला विकली, आणि गठ्ठेच्या गठ्ठे समुद्रापार बाइंडरांकडे धाडले. स्वीडनमध्ये तर हे सरकारी शिस्तीत झालं. राजाच्या वसुली अंमलदारांनी हिशेबाच्या वह्यांना चर्चच्या ग्रंथांची पानं वेष्टणं म्हणून घातली. त्यातली २२,०००हून जास्त पानं आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. कर जमा झाला तो झालाच, वर मध्ययुगीन स्वीडनच्या कितीतरी ग्रंथांची पानं हिशेबनिसांमुळे टिकली.

१. आधी परवानगी, मग सामान

प्रत्येक ग्रंथालयाच्या दुर्मीळ पुस्तकांच्या विभागाचे नियम वेगळे. बहुतेक ठिकाणी एवढं लागतं:

- पासपोर्ट किंवा तिथलं ओळखपत्र, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा
- कशासाठी बघायचंय याचं चार ओळींचं पत्र (विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाची सही घ्या)
- पुस्तकाचा ग्रंथालयातला क्रमांक. "जुन्या बांधणीची पुस्तकं दाखवा" असं मोघम विचारलंत तर कुणी दाद देत नाही

पिशवीत पेन्सिल, मिलिमीटरच्या खुणांची लवचीक पट्टी, दहापट मोठं दिसणारं भिंग आणि फोन. पेन आत नेऊच देत नाहीत. हातमोजे घरी ठेवा. सिनेमात पांढरे हातमोजे शोभतात, पण त्यांनी बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कड फाटते. साबणानं धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. पुस्तक फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवायचं. पुठ्ठा १८० अंशांत सपाट उघडायला गेलात तर समोरच्या बाई चष्म्यावरून बघतील, आणि बरोबरच बघतील.

२. उघडण्याआधी बाहेरून बघा

पुठ्ठ्यावर हिरवा रंग असेल तर हात आखडा आणि विचारा. २०१८ साली दक्षिण डेन्मार्क विद्यापीठातल्या संशोधकांनी सोळाव्या-सतराव्या शतकातली तीन पुस्तकं क्ष-किरणांखाली धरली. बांधणीत वापरलेल्या हस्तलिखितांवर हिरवा थर होता, त्याखालची लॅटिन अक्षरं त्यांना वाचायची होती. अक्षरं वाचायची राहिली, पण थरातून आर्सेनिक निघालं. प्रत्येक हिरवं पुस्तक विषारी नसतं, हे खरं. पण ते ठरवायचं काम आपल्या बोटांचं नव्हे.

चामड्यावर ठोकलेल्या ठशांकडेही लक्ष द्या: फुलं, चौकटी, छोट्या आकृत्या. जर्मन बांधण्यांवरच्या अशा ठशांचा ऑनलाइन संग्रह आहे आणि त्यातून बाइंडर कुठल्या गावचा हे पुष्कळदा कळतं. याचा उपयोग दहाव्या पायरीवर होईल.

३. तुकडा नेमका कुठे आहे?

नवखा माणूस पुठ्ठ्याची आतली बाजू बघतो आणि थांबतो. मीही तेच करत होते. बघायच्या जागा चार.

पहिली, पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेलं अख्खं पान. हे सगळ्यांत सोपं. ऑक्सफर्डच्या बाइंडरांची ही इतकी पक्की सवय होती की नील केर यांनी १९५४ साली तेवढ्याच पानांची स्वतंत्र सूची छापली.

दुसरी, सगळं वेष्टणच चर्मपत्राचं. आपण शाळेच्या वहीला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायचो तसं.

तिसरी, कण्याच्या आतली पट्टी. चामडं कुठे सुटलं असेल तर फटीतून दिसते. फट वाढवायची नाही.

चौथी जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या कागदांच्या जुडीच्या, बरोबर मधोमध, घडीत, शिवणीच्या दोऱ्याखाली बोटभर रुंदीची पट्टी असते. दोऱ्यानं कागद कापू नये म्हणून बाइंडर ती घालत. दर फर्म्याला एक, म्हणजे एका जाड ग्रंथात पन्नास पट्ट्या सहज निघतात, आणि पुष्कळदा सगळ्या एकाच पानाच्या कापलेल्या. त्यांचा क्रम लावणं म्हणजे फाटलेली नोट जुळवणं, फक्त नोटेवर काय छापलंय हे आधी ठाऊक नसतं.

४. फोटो असे काढा

पहिला फोटो अख्ख्या पुठ्ठ्याचा, पट्टी शेजारी ठेवून. मग जवळचे. फ्लॅश बंद. अक्षरं पुसट असतील तर दिवा बाजूनं, पानाला जवळजवळ समांतर धरा. शाई उडून गेली असली तरी तिनं चर्मपत्रात खाल्लेले चर उठून दिसतात. ही शाई मायफळ आणि हिराकस यांची असते. ती पानाला नुसती बसत नाही, चावते.

एक गंमत सांगते. कधी पान कुणीतरी आधीच उचकटून नेलेलं असतं आणि लाकडी पुठ्ठ्यावर फक्त शाईचा ठसा उरलेला असतो. "ही कुठली लिपी?" म्हणून मी एक अख्खी दुपार घालवली. ठसा म्हणजे आरशातलं अक्षर. फोनमध्ये फोटो आडवा उलटवला आणि सरळ लॅटिन समोर आलं.

५. हस्तलिखितच आहे ना, याची खात्री करा

चर्मपत्र दिसलं की हातानं लिहिलेलंच असं धरून चालू नका. सुरुवातीचे मुद्रक चर्मपत्रावरही छापत, आणि छापील अक्षर हस्ताक्षरासारखंच पाडलेलं असे. गुटेनबर्गनं छापलेलं दोनातुसचं शाळकरी लॅटिन व्याकरण आज जवळपास सगळं अशा बांधणीतल्या चर्मपत्री तुकड्यांवरूनच माहीत आहे. पोरांनी वापरून चिंध्या केल्या, बाइंडरांनी त्या चिंध्या ठेवल्या. भिंगाखाली एकच अक्षर पाच ठिकाणी बघा. पाचही हुबेहूब असतील आणि कडेला दाबाची खूण असेल तर ग्रंथपालांना ताबडतोब बोलवा. तो कदाचित तुमच्या आयुष्यातला सगळ्यांत महाग तुकडा असेल.

६. अक्षरं नंतर, आधी पानाची मांडणी

मोडीचं पत्र हातात आलं की आपण आधी मायना कुठे, शिक्का कुठे ते बघतो, मजकूर मग. इथेही तेच. मधे मोठ्या अक्षरात मजकूर आणि चारी बाजूंनी बारीक अक्षरांची टीका असेल तर बहुधा कायद्याचा ग्रंथ किंवा सटीप बायबल. चार रेघांवर चौकोनी ठिपके म्हणजे चर्चमधल्या गायनाचं पुस्तक. मोठं अक्षर, मधे मधे लाल ओळी, ते बहुधा पूजाविधीचं. लाल ओळी म्हणजे "आता हे करा" अशा सूचना असतात, आपल्या पूजेच्या पोथीत कंसात "इथे पळीभर पाणी सोडावे" येतं तशा. बारीक, दाटीवाटीचं, कडेला विद्यार्थ्यानं खरडलेलं असेल तर विद्यापीठातलं पुस्तक.

आपल्या पोथ्या सुट्या पानांच्या, फळ्यांत ठेवून रुमालात बांधलेल्या, म्हणून हा बांधणीचा प्रकार आपल्याला परका वाटतो. मांडणीवरून ग्रंथ ओळखायची सवय मात्र घरातलीच आहे.

७. चार शब्द सोडवा, जास्त नकोत

पहिल्या तुकड्याची मी वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ उतरवायला बसले. तीन आठवडे गेले. गरज नव्हती. अगदी वेगळे, सलग चार शब्द मिळाले की पुरे.

अडचण संक्षेपांची. मोडीत एकटा 'छ' आला की आपण मनात 'चंद्र' वाचून पुढची तारीख बघतो. लॅटिन लेखनिकांनी हीच काटकसर हजारपट केली. सुरुवातीला एवढ्या खुणा पाठ करा:

- अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ: मधला 'म' किंवा 'न' गाळलाय
- रोमन 'पी'च्या शेपटीवर आडवी रेघ: 'पेर'. शेपटीतून डावीकडे वळणारा फाटा: 'प्रो'
- इंग्रजी सातासारखी खूण: 'एत', म्हणजे 'आणि'
- इंग्रजी नऊसारखी खूण: शब्दाच्या सुरुवातीला 'कोन', शेवटी वर लटकलेली असेल तर 'उस'
- दोन-तीन अक्षरं आणि वर रेघ: देव, प्रभू, येशू, ख्रिस्त यांपैकी एखादं पवित्र नाव

आणखी एक खड्डा आहे: उभ्या दांड्या. 'इ', 'न', 'म', 'उ' या सगळ्यांच्या दांड्या सारख्याच, आणि 'इ'वर टिंब नाही. सात दांड्या ओळीनं उभ्या दिसल्या तर वाद घालू नका, पुढचा शब्द घ्या.

८. शोधा, पण पहिल्या उत्तरावर भाळू नका

चार शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाका. लॅटिन बायबल, चर्चच्या आचार्यांचे ग्रंथ, रोमन कायदा हे सगळं उपलब्ध आहे. गायनाचं पान असेल तर 'कांतुस' नावाची सूची. काही सापडलं नाही तर स्पेलिंग बदला. मध्ययुगीन लेखनिक 'आए' या जोडस्वराऐवजी नुसता 'ए' लिहितात, 'ग्रातिया' ऐवजी 'ग्रासिया', 'मिही' ऐवजी 'मिकी'. निम्मे शोध एवढ्यावरच अडतात.

आता माझी फजिती. त्या पहिल्याच पानावर 'सेकुस पेदेस दोमिनी' हे शब्द सुटले, म्हणजे 'प्रभूच्या पायांशी'. शोधलं. लूकचं शुभवर्तमान, अध्याय १०: मार्था स्वयंपाकघरात राबतेय आणि बहीण मरिया येशूचं बोलणं ऐकत बसलीय. मी आनंदानं नोंदवहीत 'बायबल, लूक' लिहून मोकळी झाले. दोन महिन्यांनी एका अनुभवी बाईंनी फोटो बघितला आणि उताऱ्याच्या सुरुवातीवर बोट ठेवलं. तिथे 'इन इल्लो तेम्पोरे', म्हणजे 'त्या काळी', असे तीन शब्द होते. लूकमध्ये ही गोष्ट तशी सुरूच होत नाही. चर्चमध्ये शुभवर्तमानाचा उतारा वाचताना हे शब्द आधी जोडतात. म्हणजे बायबल नव्हे, मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, पुस्तक. १५ ऑगस्टला येशूच्या आईचा, दुसऱ्या मरियेचा सण असतो, त्या दिवशी हाच उतारा वाचत. दुसऱ्या रकान्यात खाली लाल शाईत पुढच्या विधीची खूणही होती, आणि मी ती शोभेची समजले होते!

मजकूर ओळखला म्हणजे पुस्तक ओळखलं असं नाही. त्याच्या मागे-पुढे काय आहे ते बघितल्याशिवाय नोंद करू नका. माझ्याच वाट्याला हे आलं असंही नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातल्या जमीनजुमल्याच्या वहीच्या वेष्टणात शिवलेला एक तुकडा निघाला, तो आधी गवेन या सरदाराच्या गोष्टीचा मानला होता. २०२५ साली जाहीर झालं, की तो दंतकथेतल्या राजा आर्थरच्या कथाचक्रातल्या, मर्लिन या जादूगाराच्या कथेचा आहे. पान वेष्टणातून सोडवलं नाही. सीटी स्कॅन, वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशातले फोटो आणि आरसे वापरून घड्यांच्या आतलं वाचलं.

९. कापलेला भाग मोजा

हा माझा आवडता भाग, आणि तो फार थोडे जण करतात. मजकूर ओळखीचा निघाला की काय हरवलंय तेही मोजता येतं. माझ्या पानाचा पहिला रकाना खाली 'मार्था आउतेम' या शब्दांवर तुटत होता. दुसरा वर 'एत रेस्पोन्देन्स'पासून सुरू होत होता. छापील लॅटिन बायबलात या दोहोंमधे २६ शब्द आहेत. पानावर एका ओळीत सरासरी चार शब्द बसत होते. म्हणजे साडेसहा, धरा सात ओळी बाइंडरच्या सुरीखाली गेल्या. दोन ओळींमधलं अंतर ९ मिलिमीटर, म्हणजे ६३ मिलिमीटर मजकूर आणि खालचा समास. एवढ्यावरून मूळ पानाची उंची निघते आणि उरलेली पट्टी दिसली तर केवढी असेल हेही कळतं.

१०. तीन तारखा, तीन गावं

पान कधी लिहिलं, पुस्तक कधी छापलं, बांधलं कधी, हे तीन प्रश्न वेगळे ठेवा. ब्रिस्टलच्या मध्यवर्ती ग्रंथालयातलं उदाहरण घ्या. तिथेही मर्लिनचेच सात तुकडे २०१९ साली उजेडात आले. पानं तेराव्या शतकात फ्रान्सच्या उत्तर भागात लिहिलेली, ज्या ग्रंथात सापडली तो १४९४ ते १५०२ या काळात स्ट्रासबुर्गला छापलेला, आणि बांधणी इंग्लंडमधली. ठशांवरून बाइंडरचं गाव कळलं म्हणून पान त्याच गावात लिहिलं असं म्हणू नका. तिथे ते फक्त रद्दीत आलं.

लिखाणाचं शतक ठरवायला ढोबळ खुणा: गोलसर, सुटी, मोकळी अक्षरं बाराव्या शतकापर्यंतची. टोकदार आणि एकमेकांना चिकटलेली त्यानंतरची. इंग्लंड-फ्रान्सकडच्या पानांत पहिली ओळ सगळ्यांत वरच्या आखलेल्या रेघेच्या वर लिहिली असेल तर पान साधारण १२३०च्या आधीचं, खाली असेल तर नंतरचं. मोडीत रेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवायची सवय असल्यानं ही खूण माझ्या डोळ्यांत लगेच भरली. नोंदीत "तेराव्या शतकाचा मध्य?" असं प्रश्नचिन्हासकट लिहायला लाजू नका.

११. काढू नका, लिहून ठेवा

एकोणिसाव्या-विसाव्या शतकात कित्येक ग्रंथालयांनी असे तुकडे वाफ देऊन सोडवले, छान पेट्यांत ठेवले, आणि कुठल्या पुस्तकातून काढले ते लिहायला विसरले. पान सुटलं आणि त्याचा पत्ता गेला. तेव्हा तुकडा जिथे आहे तिथेच राहू द्या. पुठ्ठ्याआड खोल दडलेला असेल तर त्याला क्ष-किरण आहेत. तसं यंत्र लायडनमध्ये वापरून बघितलंय, शाईतलं लोह त्याला दिसतं, पण ते घाईचं काम नाही.

नोंदीत एवढं यायलाच हवं: पुस्तकाचा क्रमांक, त्याचा लेखक, गाव, मुद्रक, साल, तुकड्याची जागा (पुढचा पुठ्ठा की मागचा, आत की बाहेर), तो कुठल्या दिशेला फिरलाय, उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, रकाने, ओळी, सुटलेले शब्द जसेच्या तसे, तुमचा अंदाज आणि तो कशावरून. फोटो टाकायला परवानगी असेल तर स्वित्झर्लंडहून चालणारं 'फ्राग्मेंटारियुम' हे संकेतस्थळ याच कामाचं आहे. एका हस्तलिखिताचे चार देशांत विखुरलेले तुकडे तिथे पडद्यावर शेजारी मांडता येतात. पुण्यात किंवा नागपुरात बसून सराव करायचा असेल तरी तिथूनच सुरुवात करा.

शेवटचं काम: त्याच बाइंडरची शेजारची पुस्तकं काढून बघा, आणि ग्रंथ अनेक खंडांचा असेल तर सगळे खंड. पान कापणारा माणूस उरलेला तुकडा हाताशी ठेवतो आणि पुढच्या पुस्तकाला लावतो. माझं मार्थाचं पान पहिल्या खंडात होतं. तिसऱ्या खंडाच्या मागच्या पुठ्ठ्यात, कण्याच्या सांध्याशी, एक पट्टी चिकटवलेली सापडली आणि तिच्यावरचा पहिला शब्द होता 'सातागेबात', मी मोजलेल्या २६ शब्दांतला पहिला. ओळी मात्र सात नव्हत्या, आठ होत्या. लेखनिकानं एक ओळ चुकून दोनदा लिहिली होती, आणि लक्षात आल्यावर दुसरीच्या प्रत्येक अक्षराखाली बारीक ठिपका देऊन ती रद्द केली होती.